पिवळ्या रस्त्यांचा चोक

विसाव्या शतकात तुम्ही लंडन, लेस्टर किंवा बर्मिंगहॅमला येऊन राहिला असाल, तर इथल्या रात्रीचा रंग तुम्हाला नक्की आठवत असेल. हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखे रस्ते. त्या उजेडात लाल गाडी तपकिरी दिसायची आणि निळी गाडी काळी. पार्किंगमध्ये आपली गाडी शोधायची तर रंग सोडून नंबर वाचावा लागे. पुष्कळांची समजूत अशी की हा पिवळा दिवा धुक्यासाठी निवडला. ते कारण जाहिरातीत शोभून दिसलं, पण खरं कारण विजेचं बिल होतं.

आधी एक घोळ मिटवू. मुंबईत आपण ज्याला सोडियमचा दिवा म्हणायचो, मरीन ड्राइव्हवर २०१५ साली एलईडी येईपर्यंत जे होते, ते उच्च दाबाचे दिवे. त्यांच्या सोनेरी उजेडात निदान लाल-हिरवं ओळखता येतं. इंग्लंडचे ते दिवे कमी दाबाचे, आणि त्यांचा उजेड जवळजवळ एकाच रंगाचा, ५८९ नॅनोमीटरच्या आसपासच्या दोन चिकटलेल्या रेषांचा. हा रंग तुमच्या स्वयंपाकघरातही आहे. वरण उतू जाऊन गॅसवर सांडलं की निळी ज्योत पिवळी होते ना, ते मिठातलं सोडियम. आपला डोळा दिवसाउजेडी ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट पिवळ्याला सर्वांत जास्त दाद देतो, आणि सोडियमची रेषा तिथून फार लांब नाही. म्हणजे या दिव्यातून निघणारा जवळजवळ सगळा उजेड डोळ्याच्या कामी येतो. साध्या बल्बला एका वॅटमागे बारा-चौदा ल्युमेन जमायचे. या जातीच्या १८० वॅटच्या मोठ्या दिव्याला १८० च्या आसपास. एलईडी येईपर्यंत याच्या तोडीचा दुसरा दिवा नव्हता.

हे गणित कागदावर लवकर कळलं होतं. अडलं होतं काचेवर, कारण तापलेली सोडियमची वाफ साधी काच खाऊन काळी करते. १९२० साली अमेरिकेत आर्थर कॉम्प्टन यांनी (हो, पुढे नोबेल मिळालेले तेच) तिला टिकणारी काच तयार केली. १९३२ मध्ये हॉलंडात बेक ते खेलीन या रस्त्यावर फिलिप्सचे सोडियम दिवे लागले आणि त्याच वर्षी इंग्लंडात क्रॉयडनच्या पर्ली वेवर. नळीची भिंत साधारण २६० अंशांवर गेल्याशिवाय सोडियमची वाफ पुरेशी होत नाही, म्हणून नळीभोवती थर्मासच्या बाटलीसारखं निर्वात आवरण घातलं. साठच्या दशकात त्या आवरणाच्या आतल्या अंगाला इंडियम ऑक्साइडचा पातळ थर आला. तो उजेड बाहेर सोडतो आणि उष्णता आत परतवतो. व्यवसायात या दिव्याचं नाव पडलं ‘सॉक्स’. संध्याकाळी तो आधी लालबुंद दिसे, कारण सुरुवातीला नळीतला निऑन पेटलेला असतो. मग दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू पिवळा होई.

इथपर्यंतचा इतिहास बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतो. खांबाच्या पायथ्याशी, लहान लोखंडी दारामागे बसलेल्या डब्याबद्दल मात्र क्वचितच कुणी लिहितं. माझ्या मते या दिव्याचं नशीब त्या डब्यानेच ठरवलं.

आपल्याकडे त्याला चोक म्हणतात. घरची ट्यूबलाइट बंद पडली की आधी स्टार्टर फिरवून बघायचा, तरी लागली नाही की ‘चोक गेला’. वायूच्या नळीतून वीज गेली की वाट मोकळी होते, मोकळ्या वाटेने आणखी वीज जाते, आणि कुणी अडवलं नाही तर क्षणात फ्यूज उडतो किंवा नळी फुटते. घाट उतरताना गाडी न्यूट्रलवर टाकण्यासारखंच आहे हे. खालच्या गिअरचं काम चोक करतो.

ट्यूबलाइटचा चोक म्हणजे लोखंडी पट्ट्यांवर तांब्याची गुंडाळी. स्वस्त आणि मुकाट. सॉक्सला मात्र पेटतानाच फार जोर लागतो. बाजारातला रूढ डबा म्हणजे लीकेज ट्रान्सफॉर्मर. तो दिवा लागण्याआधी साधारण ४८० व्होल्ट देतो, मोठ्या दिव्यांसाठी ६०० च्याही वर, आणि वीज वाहू लागली की आपणहून नरमतो. काम चोख, पण डबा जड, महाग आणि स्वतःच तापणारा. सोबत पॉवर फॅक्टर सावरायला कंडेन्सरही लागतो. ३५ वॅटचा दिवा या डब्यासकट साठच्या जवळ वॅट ओढायचा. जाहिरातीतले ल्युमेन नुसत्या दिव्याचे असत, पण बिल दिवा आणि डबा दोघांचं मिळून. आणि इथे एक गंमत आहे. इंग्लंडात रस्त्यावरच्या दिव्याला सहसा मीटर नसतो; दिवा आणि डबा मिळून किती वॅट ही नोंद कोष्टकात असते आणि त्यावर आकारणी होते. म्हणजे डबा बदलला की कोष्टकातली ओळही बदलणार.

मग स्वस्त चोकवर हा दिवा चालवता येईल का? हा प्रश्न कंजुषीचा वाटेल, पण आकडे बघा. १८ वॅटच्या सॉक्सला चालताना सुमारे ५७ व्होल्ट आणि ०.३५ अँपिअर लागतात. दोन फुटी, १८ वॅटच्या साध्या ट्यूबचे आकडे ५७ व्होल्ट आणि ०.३७ अँपिअर! ५५ वॅटच्या सॉक्सला सुमारे १०९ व्होल्ट आणि ०.५९ अँपिअर, इकडच्या दुकानांत आणि शाळांत असायच्या त्या पाच फुटी, ५८ वॅटच्या ट्यूबचे ११० व्होल्ट आणि ०.६७ अँपिअर. ९० वॅटच्या सॉक्सला उच्च दाबाच्या ७० वॅट सोडियम दिव्याचा चोक बराच जुळतो. चालू राहण्यापुरतं भांडवल साध्या चोकजवळ आहे, फक्त पेटवण्याचं नाही. ती उणीव इग्निटर नावाची छोटी डबी क्षणभराचा उंच झटका देऊन भरून काढते. कंपन्यांनीही पुढे लहान दिव्यांसाठी चोक आणि इग्निटरची जोडी बाजारात आणली, आणि १८ वॅटचा सॉक्स घरांच्या बाहेरच्या भिंतीवर पहाऱ्याला बसला.

पण चोक कुठलाही चालत नाही. आपल्याकडच्या चार फुटी ट्यूबचा चोक ०.४३ अँपिअरचा. त्यावर ३५ वॅटचा सॉक्स लावला तर तो अर्धपोटी राहतो आणि नळी पुरेशी तापत नाही. दिवा लालसर रेंगाळला की ओळखावं, पोट भरलेलं नाही. उलट ५८ वॅटच्या चोकवर ५५ चा दिवा थोडा जास्तच खातो. आज उजेड जास्त, पण आयुष्य कमी. दुसरं, उच्च दाबाच्या दिव्यांचे इग्निटर काही हजार व्होल्टचा झटका देतात. तो सोसण्याचं इन्सुलेशन ट्यूबच्या चोकला नसतं. आणि १८० वॅटचा मोठा सॉक्स चालतानाच सुमारे २४० व्होल्ट मागतो. भिंतीतून येणारी वीज तेवढीच, म्हणजे चोकला काम करायला काही उरतच नाही. तिथे ट्रान्सफॉर्मरला पर्याय नाही.

तुम्ही न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात असाल तर ही जुळवाजुळव जवळपास विसरा. १२० व्होल्टवर ५५ चा दिवा साध्या चोकने टिकत नाही, म्हणून अमेरिकेत ट्रान्सफॉर्मरवाचून गत्यंतर नव्हतं. सॉक्स तिथे फारसा न पसरण्याचं हे एकमेव कारण नसेल, पण एक आहे. जिथे तो पसरला तिथे कारण वेगळं होतं. १९८० च्या सुमारास सॅन होजे शहराने रस्त्यांसाठी हेच दिवे निवडले, कारण वर माउंट हॅमिल्टनवर लिक वेधशाळा आहे. एकाच रंगाचा उजेड खगोलशास्त्रज्ञ गाळून टाकू शकतात. पांढरा उजेड सगळ्या वर्णपटावर सांडतो. आज तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींनी जुन्या पिवळ्या रस्त्यांना नावं ठेवली असतील, पण वेधशाळेला ते सोयीचे होते.

आणखी एक स्वभाव या दिव्यात आहे आणि शेवटी तोच नडतो. बाकीचे दिवे म्हातारपणी मंद होतात. सॉक्सचा उजेड बहुतांशी टिकतो, पण तो वीज जास्त मागू लागतो. नळीचे व्होल्ट चढत जातात. लीकेज ट्रान्सफॉर्मरकडे तेवढी शिल्लक असते. स्वस्त चोककडे नसते, म्हणून जुना दिवा त्यावर लागतो, तापतो, विझतो, थंड होऊन पुन्हा लागतो.

एलईडीने हा सगळा हिशोबच बदलला. एलईडीचाही डबा असतोच, पण हलका, आणि दिवा हवा तेव्हा मंद करता येतो, रंगही दिसतात. फिलिप्स ही सॉक्स बनवणारी शेवटची कंपनी उरली होती. तिच्या स्कॉटलंडमधल्या हॅमिल्टनच्या कारखान्यात (नावाचा योगायोग बघा) ३१ डिसेंबर २०१९ रोजी शेवटचे दिवे तयार झाले. नगरपालिकांनी खांबांवरचे डोके उतरवले आणि डबेही भंगारात गेले.

आता ज्यांच्याकडे खोक्यात दिवा उरला आहे, त्यांच्यापुढे प्रश्न उलटा आहे. दिवा आहे, पण त्याचा डबा नाही. म्हणून गॅरेजमध्ये पाच फुटी ट्यूबच्या जुन्या पट्टीतून चोक काढला जातो, आणि ट्यूबच्या पट्ट्याही आता दुर्मीळ होत चालल्या आहेत. तुमच्याकडे असा दिवा असेल तर दोन गोष्टी सांभाळा. कंडेन्सर वीज बंद केल्यावरही झटका देतो. आणि फुटलेल्या नळीतल्या सोडियमला ओल लागली की ते पेट घेऊ शकतं, तेव्हा ती ओल्या कचऱ्यात टाकू नका.