जाउली, ऑर्कनी आणि नावांचे अर्थ

मध्ययुगीन लेखनात नोंदलेले स्थलनाम इतिहासाचे साधन म्हणून वापरताना आपण बहुधा त्याच्या अर्थाकडे आधी धावतो. जबलपूर हे या घाईचे उत्तम उदाहरण होय. जाबालि ऋषींच्या वास्तव्यावरून हे नाव पडले, अशी एक परंपरा. अरबी 'जबल' म्हणजे पर्वत, आणि शहराभोवती ग्रॅनाइटच्या टेकड्या आहेतच, ही दुसरी उपपत्ती. परंतु कलचुरी राजांच्या ताम्रपटांत 'जाउली-पत्तला' या प्रशासकीय विभागाचा उल्लेख येतो. शहराच्या नावाचे मूळ तेथे पाहणे अधिक सयुक्तिक वाटते. वा. वि. मिराशी यांनी संपादिलेला कलचुरि-चेदि संवताच्या लेखांचा संग्रह १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हापासून हे साधन अभ्यासकांच्या हाताशी आहे.

'जाउली'चा अर्थ काय, हे ताम्रपट सांगत नाही. दिलेले गाव कोणत्या विभागात आहे, एवढेच त्याला सांगायचे असते. मराठी वाचकाला येथे साताऱ्याकडील जावळी आठवेल. मलाही प्रथम तीच आठवली. पण केवळ ध्वनिसाम्यावर विसंबलो, तर जाबालिवाद्यांचीच चूक आपण आपल्या भाषेत करू.

हेच उत्तर समुद्रातील ऑर्कनी बेटांच्या बाबतीत घडलेले दिसते. नॉर्स लोक तेथे पोहोचण्याच्या कित्येक शतके आधी ग्रीक-रोमन लेखकांना हे नाव ठाऊक होते. त्यातील 'ऑर्क' हा केल्टिक शब्द डुकराचा वाचक असून तो एखाद्या टोळीचे नाव असावा, असे सामान्यतः मानतात. नॉर्स कानांना त्यात 'ऑर्क्न', म्हणजे सील, ऐकू आला. पुढे 'एयार' (बेटे) जोडले गेले. तेराव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास आइसलँडमध्ये रचलेल्या 'ऑर्कनेयिंगा सागा'त हे नवे रूप रूढ आहे. पुढे पाळी नॉर्स नावांवरच आली. १४६८ मध्ये ही बेटे स्कॉटलंडकडे गहाण पडली, आणि 'किर्क्युवाग्र', म्हणजे चर्चचा उपसागर, याचे 'कर्कवॉल' झाले. उपसागराची भिंत झाली!

जबलपूरजवळच्या तेवरची गोष्ट निराळी. त्रिपुरी या कलचुरी राजधानीचे हे अवशिष्ट रूप. स्वरांमधल्या 'प'चा 'व' होणे प्राकृतात नियमित असल्याने येथे कथेचे साहाय्य लागत नाही. १९३९ च्या काँग्रेस अधिवेशनाने 'त्रिपुरी' हे संस्कृत रूप पुन्हा देशभर पोहोचविले. गावाचे चालू नाव मात्र तेवरच राहिले.