'तांबडी चामडी', यमन आणि हॉलंडचा शिक्का

मंडळी, 'तांबडी चामडी' ऐकलं नाही असा पोरगा आपल्या इंद्रलोकात शोधून दाखवा. आता त्यालाच विचारा, हे बनवलं कोणी? बहुतेक गप्प बसतील.

बनवणारा क्रेटेक्स, म्हणजे कृणाल घोरपडे, आपल्या मुंबईचा. आवाज श्रेयसचा. क्रेटेक्स प्रोड्युसर आहे, म्हणजे ठेका, बेस, आवाजांची सगळी बांधणी कॉम्प्युटरवर करणारा माणूस. त्याचा प्रकार 'एम-हाऊस', मराठी हाऊस. हाऊस जन्मलं 1980 च्या दशकात शिकागोच्या क्लबांत. मिनिटाला साधारण सव्वाशे ठोके, प्रत्येक ठोक्याला धप्प. लेझीम खेळलेल्या पायांना ते काय जड जाणार?

2024 मध्ये हे गाणं स्पिनिन रेकॉर्ड्सने काढलं. कंपनी नेदरलँड्सची, म्हणजे आपण ज्याला हॉलंड म्हणतो तिथली. मार्टिन गॅरिक्सचं 'अ‍ॅनिमल्स' 2013 मध्ये हिनेच काढलं होतं आणि ते ब्रिटनच्या चार्टवर पहिल्या नंबरला पोचलं. त्याच कंपनीच्या यादीत आता मराठी गाणं आहे.

पण हॉलंडचा शिक्का मुंबईला नवा नाही. त्यासाठी 1982 मध्ये जावं लागेल.

चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत वाजवणारे वादक. 'दम मारो दम' मधला तो गुंगी आणणारा ट्रान्झिकॉर्ड त्यांचाच. गाणं घराघरात गेलं, वादकाचं नाव स्टुडिओतच राहिलं. 1982 मध्ये त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं जोडली: ज्युपिटर-8 सिंथेसायझर, 808 ड्रम मशीन आणि 303 बेस मशीन. त्यावर यमन, मालकंस, मधुवंती असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. एचएमव्हीने रेकॉर्ड काढली. ती चालली नाही.

चालणार तरी कशी? तेव्हा आपला चार्ट म्हणजे अमीन सायानींची बिनाका गीतमाला, आणि तिथे हिंदी सिनेमाचीच गाणी. रागवाल्यांना हा यंत्राचा खेळ वाटला असणार आणि डिस्कोवाल्यांना त्यात गाणारी बाई सापडली नसणार. हा माझा अंदाज हं.

पुढे 1987 मध्ये शिकागोच्या फ्युचर नावाच्या गटाने त्याच 303 वर 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' काढलं आणि अ‍ॅसिड हाऊस सुरू झालं असं जग म्हणायला लागलं. शिकागोवाल्यांनी काही चोरलं नव्हतं, त्यांना मुंबईचा पत्ताही नव्हता. पण आपल्याला तरी कुठे होता! 2002 मध्ये एडो बाउमन नावाच्या डच संग्राहकाला दिल्लीत ती जुनी रेकॉर्ड मिळाली. 2010 मध्ये त्यानेच ती पुन्हा काढली, आणि सत्तरीतले चरणजित सिंग युरोपात वाजवायला गेले. 2015 मध्ये ते मुंबईतच वारले.

म्हणजे दोन्ही वेळा शिक्का हॉलंडचाच. फरक एवढाच की चरणजितना त्यासाठी 28 वर्षं थांबावं लागलं.

2025 च्या जुलैत मीरा रोडला मराठीवरून मोर्चा निघाला, ते आठवतं ना. त्या वादात आज शिरत नाही. पण शेजारची गुजराती, मारवाडी, यूपीची पोरं कोणी न सांगता हे मराठी शब्द तोंडपाठ करतात, हे मला त्या मोर्चाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आता मंडळवाल्यांना एक विनंती. फ्लेक्सवर इच्छुकांचे वीस चेहरे मावतात. आगमनाच्या ट्रकवर हे गाणं लावण्याआधी माइकवरून एक वाक्य बोला: संगीत क्रेटेक्स, आवाज श्रेयस. तेवढ्यासाठी व्हॉल्यूम खाली येईल, त्याबद्दल आमच्या बिल्डिंगमधले आजोबाही दुवा देतील.