१८६२ चा रुपया खरोखर १८६२ सालचा असतो का?

१/ व्हिक्टोरिया राणीची मुद्रा आणि '१८६२' हे साल असलेला चांदीचा रुपया आजही अनेक मराठी घरांत जपून ठेवलेला आढळतो. मात्र तो त्याच वर्षी पाडला गेला असेल असे नाही. नाण्यावरचे साल आणि नाण्याचे खरे वय यांतील हे अंतर समजून घेण्यासाठी हा धागा.

२/ याचे मूळ 'बट्ट्या'त आहे. मोगल रुपयावर बादशहाच्या राज्यारोहणापासूनचे वर्ष, म्हणजे जुलूस सन, असे. सन जुना दिसला की नाणे झिजले असणार असे धरून सराफ बट्टा कापत. हे टाळण्यासाठी कंपनीने बंगालमध्ये शाह आलमचे १९ वे वर्षच कायम केले. 'सन १९' चा सिक्का पुढे कित्येक वर्षे पडत राहिला.

३/ कंपनीचा १८४० सालचा रुपयाही असाच सुमारे दोन दशके त्याच सालाने निघत होता. १८५८ नंतर सत्ता राणीकडे गेली, १८६२ मध्ये नवा रुपया आला आणि त्यावरचे सालही गोठले. दरवर्षी बदलते साल १८७४ पासून दिसू लागते.

४/ मग मधली वर्षे ओळखायची कशी? मुंबई टांकसाळीच्या रुपयांवर सालाखाली, तर काहींवर मजकुराच्या वरच्या बाजूसही, बारीक ठिपके आहेत. हे ठिपके पुढील वर्षांची खूण होते, असे नाणेतज्ज्ञ मानतात.

५/ आपल्या शहराशी ताडून पाहा. नागपुरात रेल्वे आली १८६७ मध्ये. तिच्यातून आलेल्या कोऱ्या करकरीत रुपयावरही साल १८६२ च असणार! १ जानेवारी १८७७ रोजी व्हिक्टोरियाला 'सम्राज्ञी' घोषित करण्यात आले; त्याच दिवशी आपली एम्प्रेस मिल सुरू झाली. त्या वर्षापासून नाण्यावर 'क्वीन'च्या जागी 'एम्प्रेस' आले.

६/ ठिपका खरा की ओरखडा? भिंग घ्या, प्रकाश तिरपा पाडा. ठशातून आलेला ठिपका पृष्ठभागावर उठून दिसतो. सराफाने चांदी पारखण्यासाठी मारलेली खूण मात्र खोल रुतलेली असते व तिच्या कडेची धातू सरकलेली दिसते. हारात ओवण्यासाठी कडी डागलेली असेल, तर डागाखाली ठिपका झाकला गेल्याची शक्यता लक्षात घ्यावी.

७/ एवढ्याशा ठिपक्याने काय बिघडते? समजा, शेतात रुपयांची घागर सापडली आणि सर्व नाण्यांवर १८६२ आहे. वरवर पाहणारा म्हणेल, ती १८६२ च्या सुमारास पुरली. पण एखाद्या नाण्यावरचे ठिपके १८७० च्या आसपासचे निघाले, तर घागर त्याआधी पुरलेली असूच शकत नाही. एका ठिपक्याने कालनिर्णय आठ वर्षे पुढे सरकतो. मग ती पुरण्याचे कारणही नव्याने शोधावे लागते.

८/ म्हणूनच दोन विनंत्या. जुने नाणे चिंच, राख वा पॉलिशने घासू नका. चकाकी येते, पण पुरावा झिजतो. आणि जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. वितळलेल्या चांदीला वजन असते, इतिहास नसतो.

९/ घरात १८६२ चा रुपया असेल, तर सालाखाली नीट पाहा. किती ठिपके दिसतात, ते उत्तरात लिहा.