हिंगणे बुद्रुक ते कर्वेनगर



आपल्या वस्तीविषयी स्मरणिकेत चार शब्द लिहावेत, असे मंडळाने सुचविले. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले आहे. तेव्हा जे वाचले आणि सासूबाईंच्या तोंडून ऐकले, तेवढेच सांगते.

आज आपण पत्त्यावर 'कर्वेनगर' लिहितो. परंतु गावाचे मूळ नाव हिंगणे बुद्रुक. मुठेच्या पलीकडे विठ्ठलवाडीकडचे ते हिंगणे खुर्द. बुद्रुक म्हणजे थोरले, खुर्द म्हणजे धाकटे. पुण्यापासून सुमारे दोन कोसांवरचे हे शेतकऱ्यांचे खेडे होते.

अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ साली विधवा स्त्रियांसाठी अनाथ बालिकाश्रमाचे कार्य आरंभिले. पुढे शहरात प्लेगने थैमान घातले, तेव्हा आश्रमासाठी बाहेर जागा पाहावी लागली. रावबहादूर गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन आणि बांधकामासाठी ७५० रुपये दिले. १९०० साली येथे एक झोपडी उभी राहिली व आश्रम तेथे आला. अण्णासाहेब फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत. तेथील काम आटोपून ते पायी हिंगण्यास येत. पावसाळ्यात ती वाट चिखलाची. आज त्याच बाजूने जाणाऱ्या रस्त्याला आपण कर्वे रोड म्हणतो.

त्या काळी विधवेच्या वाट्याला केशवपन आणि घरातला कोपरा येई. अशा स्त्रिया येथे लिहू-वाचू लागल्या. पार्वतीबाई आठवले स्वतः विधवा होत्या. त्यांनी आश्रमासाठी पैसा जमविण्यास अमेरिकेपर्यंत प्रवास केला. १९०७ साली महिला विद्यालय निघाले, आणि १९१६ साली महिला विद्यापीठाचा आरंभही याच खेड्यात झाला. १९३६ साली विद्यापीठाचे मुख्य ठाणे मुंबईस गेले. अण्णासाहेबांना १९५८ साली भारतरत्न मिळाले. १९६२ साली, वयाच्या एकशेपाचव्या वर्षी, ते निवर्तले.

त्यांच्या हयातीतच, १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. नदीकाठच्या पेठांतील वाडे पडले, आणि शहर बाहेर पसरू लागले. पुढे आपल्याकडेही सोसायट्या आल्या.

माझ्या सासूबाईंचे माहेर आणि सासर दोन्ही येथलेच. ज्वारी काढणे, विहिरीचे पाणी शेंदणे, भाजीची पाटी घेऊन शहरात जाणे, यात त्यांचे बालपण गेले. इतक्या नामांकित शाळेच्या शेजारी राहूनही त्या शाळेत गेल्या नाहीत, कारण धाकटी भावंडे सांभाळायची होती. पुढे शेत विकले तेव्हा कागदावर पुरुषांच्या सह्या झाल्या. "त्या रानात मी जन्म घातला, पण मला कोणी विचारले नाही," असे त्या म्हणत. शेत गेल्यावर त्यांनी नव्या बंगल्यांतून धुणीभांडी केली. गाव वाढले ते असेही वाढले, हे आपण विसरू नये.

त्याच घरातील माझी मुलगी आज येथील मुलींच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकते. ते महाविद्यालय कर्व्यांच्याच संस्थेने १९९१ साली काढले. झोपडीपासून तेथवर येण्यास नव्वद वर्षे लागली. आमच्या उंबरठ्यापर्यंत शिक्षण यायला त्याहून अधिक.

एक विनंती करते. आपल्या गावठाणात अजून काही वृद्ध बायका आहेत. कोणते शेत कोठे होते, विहीर कोठे बुजविली, हे त्यांना ठाऊक आहे. मंडळातील लिहित्या भगिनींनी त्यांच्याजवळ बसून हे सारे वहीत उतरवून घ्यावे. अण्णासाहेबांचे चरित्र छापलेले आहे; या बायकांचे मात्र कोठेच लिहिलेले नाही.

असो. काही उणे राहिले असल्यास भगिनींनी भर घालावी.