पोटाची दुर्बीण केली? रिपोर्टसोबतचे फोटो आधी बघा

घास अडकणे, काळी शी होणे, कारण नसताना वजन उतरणे अशी तक्रार असली की डॉक्टर तोंडातून दुर्बीण घालून पोट बघायला सांगतात. तपासणी थोड्या वेळात उरकते आणि हातात कागद येतो. आपण त्यावरची 'नॉर्मल' एवढी ओळ वाचतो अन् कागद पिशवीत टाकतो. पण पुढं दुसऱ्या दवाखान्यात जायची वेळ आली, तर तिथल्या डॉक्टरला फोटो लागतात. दोनच फोटो असतील, तेही धुरकट, तर पुन्हा दुर्बीण, पुन्हा खर्च.

फोटो किती हवेत? युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेनं २००१ मध्ये किमान ८ सांगितले होते, २०१६ मध्ये १० केले. जपानमध्ये तर एकट्या जठराचे २२ फोटो काढायची एक पद्धत आहे. अन्ननलिका, ती जठराला मिळते ती जागा, जठराचे वेगवेगळे भाग आणि लहान आतड्याची सुरुवात, एवढं त्यात यावं. जठराचा वरचा कोपरा बघायला दुर्बिणीचं टोक मागं वळवावं लागतं. त्या फोटोत दुर्बिणीची काळी नळीच दिसते, त्यामुळं तो आपल्यालाही ओळखता येतो. फोटो कमी म्हणजे तपासणी वाईटच झाली असं नाही, पण कोणता भाग बघितला याचा पुरावा राहत नाही.

जठरात जखम, म्हणजे अल्सर निघाला तर फोटोचं मोल जास्त. काही कॅन्सर सुरुवातीला साध्या अल्सरसारखेच दिसतात. म्हणून तुकडा तपासायला पाठवतात आणि साधारण ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण करून जखम भरली का बघतात. आधीची जखम कुठं होती, केवढी होती, हे जुन्या फोटोशिवाय कशाशी ताडून बघणार?

फोटो स्वच्छ येणं थोडं आपल्याही हातात आहे. पहाटेच्या एसटीला निघताना 'नुसता चहा' घेतला असं लोक सांगतात. दुधाचा चहा म्हणजे पाणी नव्हे. साधारणपणे ६ तास खाणं आणि २ तास पाणीही बंद ठेवायला सांगतात. शुगरच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर आधीच विचारा, मनानं बंद करू नका.

निघण्यापूर्वी कागदावर नाव, वय, तारीख बघा. तुकडा घेतला असेल तर कुठून घेतला तेही लिहिलेलं हवं. सगळे फोटो पेन ड्राइव्हवर किंवा व्हॉट्सॲपवर मागा. व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर फोटोची स्पष्टता कमी होते. नंतर लागले तर लेखी अर्ज करून पोच घ्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत रुग्णानं मागितलेली कागदपत्रं ७२ तासांत द्यावीत असं म्हटलं आहे.