गाडी बरोबर ओळखली, पण शर्यत कुठल्या गाडीने जिंकली?

माझ्या मामाच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर एक फ्रेम आहे. लांब बॉनेटची, बुटक्या छपराची एक बेंटली सुसाट निघाली आहे आणि तिच्या शेजारून वाफेच्या इंजिनाची आगगाडी धावते आहे. टेरेन्स क्युनिओ या इंग्रज चित्रकाराच्या चित्राची ही छापील प्रत. मी शाळेत असल्यापासून ती तिथे आहे, आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मामा तिची गोष्ट सांगतो. "या गाडीने ब्लू ट्रेनला हरवलं होतं बरं का!"

नाही हरवलं. हे मला पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात कळलं. तुम्ही पेट देणार असाल किंवा सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर रिसर्च मेथडॉलॉजीच्या पुस्तकातल्या व्याख्या पाठ करण्याआधी ही गोष्ट वाचा असं मी म्हणेन. मी एमएस्सीवाली, इतिहासाचं रीतसर शिक्षण नाही. पण पुरावा म्हणजे काय, हे मला प्रयोगशाळेपेक्षा या गाडीने जास्त नीट शिकवलं.

आधी मामाच्या छंदाबद्दल. जुन्या गाड्या ओळखणारी माणसं काय बघतात? पूर्ण गाडी दिसली तर कोणीही ओळखेल. ही मंडळी लग्नाच्या जुन्या फोटोत नवरदेवाच्या मागे दिसणाऱ्या मडगार्डच्या तुकड्यावरून गाडी सांगतात. हेडलाइट मडगार्डमध्ये बसवलाय की बाहेर आहे, दरवाजाच्या बिजागऱ्या पुढे आहेत की मागे, बॉनेटला हवा जायच्या फटी किती आणि कुठे, चाकाला आरे आहेत की पत्र्याची थाळी. लँडमास्टर आणि तिच्यानंतरची अँबॅसडर यांत मामा आधी गाडीचा मागचा भाग बघतो, तिथे छोटे पंख फुटल्यासारखे दिसले की अँबॅसडर. डुक्कर फियाट आणि पद्मिनी तर तो झोपेतही वेगळ्या सांगेल. व्हॉट्सॲपवर मला अर्धवट कापलेले फोटो पाठवतो, खाली एवढंच: "ओळख बघू."

हे कौशल्य आहे, त्याला कमी लेखू नका. वनस्पतीशास्त्रवाले पानाच्या कडेवरून प्रजाती सांगतात तसंच हे. पण त्यातून फक्त एका प्रश्नाचं उत्तर मिळतं, ही कोणत्या जातीची गाडी आहे? "ही नेमकी तीच गाडी आहे का, जिने अमुक दिवशी अमुक केलं?" हा प्रश्न वेगळा आहे. त्याचं उत्तर मडगार्डवर लिहिलेलं नसतं.

आता शर्यतीची गोष्ट. १९३० च्या सुरुवातीला ब्लू ट्रेनशी शर्यत लावायची टूम निघाली होती. ब्लू ट्रेन म्हणजे कॅले ते फ्रेंच रिव्हिएरा अशी धावणारी, निळ्या शयनयान डब्यांची श्रीमंतांची गाडी. जानेवारीत रोव्हर कंपनीच्या लाइट सिक्सने तिला मागे टाकलं आणि कंपनीने त्याची जोरदार जाहिरात केली. मार्चमध्ये कानच्या कार्लटन हॉटेलात वुल्फ बार्नाटोपुढे हा विषय निघाला. बार्नाटो म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या हिऱ्यांच्या खाणीतून अफाट पैसा केलेल्या बार्नी बार्नाटोचा मुलगा, बेंटली कंपनीचा अध्यक्ष आणि स्वतः उत्तम रेसर. ल मांची २४ तासांची शर्यत तो तीनदा धावला आणि तिन्ही वेळा जिंकला. तो म्हणाला, ट्रेनला हरवण्यात काय विशेष? ती कॅलेला पोचायच्या आत मी लंडनमध्ये माझ्या क्लबात असेन. १०० पौंडांची पैज लागली.

यात बढाई वाटते तितकी नव्हती, हे आधी सांगते. ट्रेन वाटेत थांबत यायची, पॅरिस आलं की शहराला वळसा घालून एका स्टेशनातून दुसऱ्या स्टेशनात जायची, मग कॅलेकडे निघायची. सगळा प्रवास एकवीस तासांहून जास्त. तरीही १३ मार्चच्या संध्याकाळी ट्रेन सुटली तेव्हाच बार्नाटो आणि त्याचा गोल्फ खेळणारा मित्र डेल बोर्न निघाले, त्यांच्यापुढे बुलोन बंदरापर्यंतचा लांबचा पल्ला होता आणि तोही १९३० च्या रस्त्यांवर, रात्री. पाऊस लागला, धुकं लागलं, पेट्रोल भरायचं ठरलेलं ठिकाण शोधण्यात वेळ गेला, टायर फुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बुलोनला पोचले, बोटीने खाडी ओलांडली आणि दुपारी लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरच्या कॉन्झर्व्हेटिव्ह क्लबसमोर गाडी उभी केली. ट्रेन कॅलेला पोचायला तेव्हा चार मिनिटं बाकी होती.

गाडी होती बेंटली स्पीड सिक्स, साडेसहा लिटरची. इथपर्यंत वाद नाही. पण कोणती स्पीड सिक्स?

मामाच्या चित्रातली गाडी गर्नी नटिंग या कोचबिल्डरने बांधलेली कूपे आहे. छप्पर मागे उतरत गेलेलं, खिडक्या तोफेच्या फटीएवढ्या अरुंद, तीनच माणसांची सोय आणि त्यातला तिसरा मागे आडवा बसणार. दिसायला इतकी देखणी, की जिंकली असेल तर हीच असं वाटावं. चॅसी नंबर एचएम२८५५. बार्नाटोचीच गाडी, यातही शंका नाही. फक्त ती त्याच्या ताब्यात आली मे १९३० मध्ये, म्हणजे शर्यतीनंतर दोन महिन्यांनी.

शर्यतीत धावली ती एच. जे. मलिनरने बॉडी बांधलेली चार दरवाजांची सलून. खरं सांगायचं तर ती दिसायला चाकांवरच्या कपाटासारखी आहे. तिचं पोस्टर कोणी हॉलमध्ये लावणार नाही.

मग इतकी वर्षं कूपेला श्रेय कसं मिळालं? एक कारण त्या काळच्या धंद्यात आहे. बेंटली कंपनी पूर्ण गाडी विकत नसे. ती चॅसी, इंजिन आणि गिअरबॉक्स द्यायची, बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडून बांधून घ्यायचं. आपल्या एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत विकत आणलेल्या चॅसीवर बसची बॉडी चढायची, तसंच समजा, फक्त इथे बसऐवजी लॉर्डसाहेबांची गाडी. त्यामुळे "बार्नाटोची स्पीड सिक्स" एवढ्या शब्दांवरून नजरेसमोर कोणतीही बॉडी येऊ शकते. त्याच्याकडे त्याच वर्षी दोन होत्या.

दुसरं कारण नाव. बार्नाटोने शर्यतीची आठवण म्हणून नव्या कूपेला ब्लू ट्रेनचं नाव दिलं. त्यात लबाडी काहीच नव्हती. पण नाव गाडीला चिकटलं, आणि नावामागचं कारण लोकांनी आपापल्या मनाने लावून घेतलं.

आणि तिसरं क्युनिओचं चित्र. क्युनिओ रेल्वेच्या चित्रांसाठी प्रसिद्ध, तपशिलात इतका पक्का की त्याच्या उत्तरकाळातल्या चित्रांत लपवलेला छोटासा उंदीर शोधणं हा लोकांचा खेळच झाला होता. त्यामुळे चाहत्यांनी चित्रातलं इंजिन तपासलं असेल, चाकं मोजली असतील, उंदीरही शोधला असेल. तारीख कोणी विचारली नाही. गंमत म्हणजे चित्रातच दुसरी विसंगती उघड दिसते आहे. गाडी आणि ट्रेन शेजारी शेजारी धावताहेत, आणि बार्नाटोचा रस्ता नि रेल्वेचा मार्ग तसे जोडीने जातच नव्हते. त्या रात्री तो देखावा कोणालाही दिसलेला नाही. नकाशा उघडला असता तरी संशय यायला हवा होता.

इथे मी स्वतःची एक फजिती सांगते. माझ्या लिटरेचर रिव्ह्यूमध्ये एका पदार्थाच्या गुणधर्माचा एक आकडा होता, सत्तरच्या दशकातल्या एका शोधनिबंधाचा हवाला देऊन लिहिलेला. तो निबंध मी उघडलाच नव्हता. अलीकडच्या चार पेपरांत तोच आकडा, तोच हवाला होता, म्हणून मीही उतरवला. विभागातल्या सादरीकरणात एका सीनियर दादाने सहज विचारलं, "मूळ पेपरात कितव्या पानावर आहे गं हे?" मी गप्प. रात्री पीडीएफ मिळवून वाचली. आकडा त्यात होता, पण तो पदार्थच वेगळा होता, नावाने जवळचा. चौघांनी एकमेकांचं बघून लिहिलं होतं आणि पाचवी मी. त्या आठवड्यात मी ब्लू ट्रेनबद्दल पुन्हा वाचायला लागले, कारण चूक जवळपास त्याच आकाराची होती.

मला यात सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. मामाने गाडी चुकीची ओळखलेली नाही! गर्नी नटिंगची ती कूपे जगात एकच बांधली गेली. फोटो दाखवा, चित्र दाखवा, अर्धी खिडकी दाखवा, तो बरोबर सांगतो, "बार्नाटोची बेंटली." आपली ओळख शंभर टक्के खरी ठरली की तिला जोडून आलेली माहितीही आपण न तपासता खरी धरतो. साध्या, हजारोंनी बनलेल्या फियाटबद्दल कोणी असा दावा केला असता तर आपण लगेच विचारलं असतं, "कशावरून हीच?" एकमेव गाडीच्या बाबतीत तो प्रश्न सुचतच नाही.

प्रयोगशाळेतही हेच होतं. एक्स-रे डिफ्रॅक्शनचे पीक बरोबर जुळले म्हणजे पदार्थ बरोबर आहे. पण बाटलीवर लिहिलेली तारीख, तो कोणत्या तापमानाला बनला, कोणी बनवला, हे पीक सांगत नाहीत. ते वहीत शोधावं लागतं.

बेंटलीच्या बाबतीत ही वही आहे, हे आपलं नशीब. कंपनी चॅसीवर पाच वर्षांची हमी द्यायची, म्हणून प्रत्येक चॅसीच्या दुरुस्तीची नोंद ठेवणं तिला भागच होतं. १९३१ मध्ये कंपनी बुडाली आणि रोल्स-रॉइसने ती विकत घेतली, तरी जुन्या गाड्यांच्या नोंदी टिकल्या आणि पुढच्या अभ्यासकांना कामी आल्या. कोणी इतिहासासाठी लिहिल्या नव्हत्या त्या, हमीचा खर्च कोणाच्या खात्यावर टाकायचा एवढ्यासाठी लिहिल्या होत्या. अशा रुक्ष नोंदींवर माझा जास्त विश्वास बसतो. कोणावर छाप पाडायची म्हणून त्या लिहिलेल्या नसतात.

पण नोंदी असल्या म्हणजे प्रश्न मिटतोच असंही नाही. बार्नाटोचीच आणखी एक स्पीड सिक्स घ्या, "ओल्ड नंबर वन". ल मां १९२९ ला तिने जिंकली बार्नाटो आणि बर्किन यांच्या हाती, १९३० ला बार्नाटो आणि किडस्टन यांच्या हाती. मग तिच्यात आठ लिटरचं इंजिन बसलं, आणि १९३२ मध्ये ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर क्लाइव्ह डनफी ही गाडी चालवताना कड्यावरून बाहेर फेकला जाऊन मेला. अवशेषांतून पुढे रस्त्यावर चालवायची कूपे बांधली गेली, आणि बऱ्याच वर्षांनी एका मालकाने तिला पुन्हा रेसिंगचं रूप दिलं. १९९० मध्ये ती एक कोटी पौंडांना विकायचा सौदा झाला. घेणारी कंपनी मागे सरली. म्हणाली, ही खरी गाडीच नाही. प्रकरण लंडनच्या हायकोर्टात गेलं.

न्यायमूर्ती ओटन यांच्यापुढे गाडीचा एकेक भाग तपासला गेला. १९२९ ला जिंकलेल्या गाडीतलं किरकोळ फिटिंग्ज सोडता जवळपास काही शिल्लक नव्हतं. १९३० च्या गाडीतलंही मोजकंच. १९३२ च्या रूपातलं बरंच होतं. तरी निकाल मालकाच्या बाजूने लागला. कारण गाडीचा इतिहास कुठेही तुटलेला नाही. भाग बदलत गेले, पण अमुक दिवशी ती संपली आणि दुसरीच सुरू झाली असं म्हणता येईल असा क्षण नाही, आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडीही जगात नाही.

मला हा निकाल पटतो, सगळ्यांना पटतो असं नाही. आमच्या प्रयोगशाळेतल्या एकाचं म्हणणं, धातू बदलला म्हणजे वस्तू बदलली, संपलं. त्याच्याशी माझा कॅन्टीनमध्ये दीड तास वाद झाला आणि चहा गार झाला. दोन्ही गाड्या शेजारी ठेवून बघा. ओल्ड नंबर वनमध्ये लोखंड जवळपास सगळं बदललेलं, पण कागदांची साखळी अखंड. कूपेचं नाव, मालक, मॉडेल सगळं बरोबर, फक्त साखळीची पहिलीच कडी दोन महिने उशिराची. तुमच्या संशोधनात नमुने, हस्तलिखितं, मुलाखती, जे काही असेल, त्यातलं कोणतं दुखणं आहे हे आधी ओळखावं लागेल. दोघांवर उपाय एक नाही.

मामाला हे सांगायला मी तीन महिने लावले. दिवाळीत गेले तेव्हा फ्रेमखाली बसूनच सांगितलं, मार्च आणि मे. तो जरा वेळ चित्राकडे बघत राहिला. मग म्हणाला, "रस्ता आणि रूळ समांतर नाहीत म्हणतेस? हे मात्र मला दिसायला हवं होतं." मामीने चिवड्याची ताटली पुढे केली. चित्र तिथेच आहे. पाहुण्यांना तो आता दोन गाड्यांची गोष्ट सांगतो, आणि ती पहिलीपेक्षा बरीच लांबते, अशी मामीची तक्रार आहे.