ताळेबंदावरची सही



गिरणीच्या दारावरची सभा आणि कंपनीची वार्षिक सभा यांत साम्य फार थोडे. पण एक प्रश्न दोन्हीकडे विचारला जातो : यंदा नफा झाला किती?

नफा म्हणजे तिजोरीत मोजून ठेवलेली रक्कम नव्हे. यंत्र किती वर्षे टिकेल, येणे किती बुडेल, करासाठी किती राखावे, असे अनेक अंदाज बांधल्यावर जे उरते तो नफा. अंदाज बांधतात संचालक. ते रास्त आहेत अशी सही करतो हिशेबतपासनीस. त्या सहीवर विसंबणारे मात्र तिसरेच असतात.

हे त्रांगडे इंग्लंडात एका मोठ्या खटल्याने उघड्यावर आले. रॉयल मेल स्टीम पॅकेट ही 1839 च्या राजसनदेची जुनी जहाज कंपनी. पहिल्या महायुद्धात जहाजधंद्याला बरकत आली, आणि कंपनीने करापोटी गरजेहून अधिक रक्कम बाजूस ठेवली. पुढे मंदी आली. 1921 पासून धंद्यात तोटा होऊ लागला, तरी लाभांश वाटला जातच होता! तो कोठून? जुन्या गुप्त गंगाजळीतून. 1926 च्या हिशेबात त्याची खूण एवढीच की, नफ्याच्या आकड्याशेजारी 'करनिधीचे समायोजन' अशा अर्थाचे चार शब्द होते. सामान्य भागधारकाला त्यातून काय उमगणार?

1927 साली कंपनीने व्हाइट स्टार लाइन सुमारे 70 लाख पौंडांना विकत घेतली. 1928 मध्ये अध्यक्ष लॉर्ड किलसंट यांनी 20 लाख पौंडांचे कर्जरोखे विक्रीस काढले. माहितीपत्रक म्हणत होते की, गेल्या दहा वर्षांची सरासरी शिल्लक या रोख्यांचे व्याज पाचपटीहून अधिक भागवील इतकी आहे. आकडा खरा होता. मात्र युद्धकाळचा सुकाळ आणि नंतरचा दुष्काळ एकाच मापात घालून ही सरासरी काढली होती. पैसा देणाऱ्याला हवी होती ती आजची कमाई. तिच्याविषयी पत्रक गप्प होते.

1931 च्या जुलैत लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात किलसंट आणि हिशेबतपासनीस हॅरल्ड मोर्लंड हे दोघेही आरोपी म्हणून उभे राहिले. गुप्त गंगाजळी ठेवणे ही तेव्हा धंद्यातील मान्य रीत असल्याने ताळेबंदांच्या आरोपातून दोघेही सुटले. माहितीपत्रकाबद्दल मात्र किलसंट यांना बारा महिन्यांची कैद झाली. वाक्य न् वाक्य खरे असूनही एकंदर कथन खोटे असू शकते, हा धडा न्यायालयाने घालून दिला. पुढे ब्रिटनच्या 1948 च्या आणि आपल्या 1956 च्या कंपनी कायद्याने निधीत किती घातले व किती काढले हे दाखविणे भाग पाडले.

तपासनिसाची फी मोठी असली की तो विकला गेला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मोठ्या पसाऱ्याला अधिक माणसे आणि अधिक दिवस लागतात. फी फार थोडी असेल तर तपासणीच घाईत उरकते. पाहायचे ते हे की, पैसे कोणत्या कामाचे. अमेरिकेतील एन्रॉनने 2000 साली आर्थर अँडरसन या पेढीला तपासणीचे सुमारे अडीच कोटी डॉलर दिले आणि सल्ल्याचे व इतर कामांचे त्याहूनही अधिक. हीच ती दाभोळची एन्रॉन. तिने कर्जे वेगळ्या भागीदाऱ्यांत लपवली होती. डिसेंबर 2001 मध्ये तिने दिवाळे काढले, तेव्हा तिच्या शेअरांत गुंतलेली कामगारांची म्हातारपणाची पुंजी बुडाली. आपल्या 2013 च्या कंपनी कायद्याने तपासनिसाला त्याच कंपनीची व्यवस्थापनविषयक व इतर काही कामे घेण्यास मनाई केली आहे.

आता आपल्या घरचे पाहू. गुप्त गंगाजळीची विहीर दोन्ही मोटांनी चालते. रोखे विकायचे असले की नफा फुगतो; बोनसची मागणी आली की तोच आटतो. मुंबईच्या गिरण्यांच्या वादात 1950 साली अपील न्यायाधिकरणाने बोनसचे सूत्र ठरवले : नफ्यातून घसारा, यंत्रांचे पुनर्वसन, आयकर आणि भरणा झालेल्या भांडवलावर सहा टक्के वजा करून उरेल त्यातला वाटा कामगाराला. घसाऱ्याचा अंदाज थोडा वाढवला की, हजारो घरांची दिवाळी आखडते. 1965 च्या बोनस कायद्याने तपासलेला ताळेबंद न्यायाधिकरणाने खरा धरावा अशी वाट ठेवली. पण त्याच कलमात एखाद्या बाबीचा खुलासा मागण्याची सोय युनियनलाही दिली.

ती सोय वापरणारे किती निघाले? घोषणा देणे आम्हांला लवकर जमले. ताळेबंद वाचणे उशिरा. फी न देणाऱ्याचाही त्या सहीवर हक्क आहे. मात्र हक्क बजावायचा तर आकड्यांच्या खालची बारीक टीप आधी वाचता आली पाहिजे. युनियनच्या कचेरीत झेंड्याशेजारी कंपनीचा वार्षिक अहवालही असावा, एवढीच माझी विनंती.